गॅस भरण्याआधी : गाडीच्या एसीविषयी वाचकांचे प्रश्न

गाडीचा एसी घरच्या घरी दुरुस्त करण्याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं. वेगळा उल्लेख नसेल तिथे आकडे आर-१३४ए गॅस आणि पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) असलेल्या गाड्यांचे आहेत. तुमच्या गाडीत कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. कामाला लागण्याआधी ते वाचा.

प्रश्न : दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरून घ्यावा लागतो. यंदा डबा आणून घरीच भरायचं ठरवलंय. कसा भरावा?

लगेच भरू नका. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि झिजतही नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. रबरी होज आणि कॉम्प्रेसरचं शाफ्ट-सील यांतून तो अगदी थोडा झिरपतो हे खरं, पण धडधाकट एसी तेवढ्यावर वर्षानुवर्षं चालतो. दर वर्षी भरावा लागतो याचा अर्थ गळती आहे आणि दर वर्षी तुम्ही तीच गळती भरून देताय. शिवाय कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी झाला की ऑइल नीट परत येत नाही, गळतीतून थोडं बाहेरही जातं आणि शेवटी कॉम्प्रेसर जाम होतो. नळीच्या जोडातल्या एका रबरी ओ-रिंगचं काम मग कॉम्प्रेसर बदलण्यावर जातं.

दुसरं म्हणजे, कूलिंग कमी झालं की गॅसच कमी झाला असं नसतं. पंखा बंद, केबिन फिल्टर तुंबलेला, हीटरची झडप अर्धवट उघडी, आणि आपण गॅस भरतोय, म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. म्हणून आधी गॅसला हात न लावता तपासा. गाडी सावलीत उभी करा, काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर मधल्या वेगावर, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर. दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटर खोचा. ५ ते १० अंश सेल्सिअस आलं तर एसी ठीक आहे. बाहेर चाळिशीचं ऊन असेल तर १२ अंशांवरही तक्रार करू नये.

आता बॉनेट उघडून नळ्या बघा. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या बाहेर येतात, एक जाड आणि एक बारीक. जाड नळी गारेगार आणि घामेजलेली हवी, बारीक नळी कोमट. जाड नळी जेमतेम गार आणि कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा-सोडणारा भाग) दर पाच-सात सेकंदांनी टक-टक करत लागतोय-सुटतोय, तर गॅस कमी असण्याची दाट शक्यता. हवा थंड असताना क्लच अधूनमधून सुटणं मात्र नेहमीचंच आहे. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे (रेडिएटरपुढे असतो, तापलेला गॅस गार करतो) जाणाऱ्या नळीला चुकूनही हात लावू नका, ती चटका देते. आणि सैल बाह्या, ओढणी, लोंबती वायर पट्ट्यापासून लांब ठेवा.

प्रश्न : बटण दाबलं की दिवा लागतो, पण क्लच लागतच नाही. सुरुवात कुठून करू?

फ्यूजपासून. मग रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच. रिले-बॉक्समध्ये तोच नंबर लिहिलेला दुसरा रिले बहुधा सापडतो, हॉर्नचा वगैरे. अदलाबदल करून बघा, पाच मिनिटांत निकाल लागतो.

तरीही काही नाही, तर इंजिन आणि एसी चालू ठेवून क्लचच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या वर येताहेत आणि क्लच ढिम्म, तर दोष क्लचमध्ये. इंजिन बंद करून क्लचच्या चुंबकाच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. साधारण ३ ते ५ ओहम हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली. कॉइल ठीक असेल तर फीलर गेजने क्लचची प्लेट आणि पुली यांच्यातली फट मोजा. बहुतेक गाड्यांत ती ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. प्लेट झिजली की फट वाढते आणि मग एक नमुनेदार लक्षण दिसतं : सकाळी एसी छान चालतो, अर्ध्या तासाने इंजिन तापलं की बंद पडतो, गाडी गार झाली की पुन्हा चालू. तापलेल्या कॉइलचं चुंबक कमजोर पडतं आणि वाढलेल्या फटीपलीकडची प्लेट त्याला खेचता येत नाही. प्लेटमागे पातळ वॉशर असतात. एक काढला की फट पुन्हा मापात येते. नवा क्लच घेण्याआधी हे करून बघावंच.

कनेक्टरवर व्होल्टच येत नसतील तर प्रेशर स्विचकडे वळा. गॅस फार कमी असेल तर हा स्विच मुद्दामच वीज तोडतो, कॉम्प्रेसर कोरडा चालू नये म्हणून. तिथे तार जोडून क्लच जबरदस्तीने चालवण्याची युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. गॅस खरोखर गेलेला असेल तर कॉम्प्रेसर ऑइलशिवाय फिरेल. आणि स्विचला तीन तारा असतील तर तो स्विच नसून सेन्सर आहे. तिथे तार जोडली तर सेन्सर किंवा कंट्रोल युनिट जळू शकतं. त्याऐवजी गेज लावून आत गॅस आहे का ते बघा.

एक खबरदारी. काही कॉम्प्रेसरना क्लचच नसतो, त्यांची पुली कायम फिरते आणि आतली झडप कमी-जास्त करते. तुमचा तसला असेल तर ‘टक’ आवाजाची वाट बघत बसू नका.

प्रश्न : गाडी चालत असते तोवर गार वाटतं. सिग्नलला थांबलं की जाळीतून कोमट हवा. गॅस कमी आहे का?

आधी पंखा बघा. गाडी धावताना कंडेन्सरवर वारा आपोआप येतो, थांबल्यावर तो पंख्यानेच आणायचा. एसी लावल्यावर लगेच, किंवा नळीतला दाब वाढताच थोड्या वेळात, रेडिएटरमागचा पंखा जोरात फिरायला हवा. फिरत नसेल तर त्याचा फ्यूज, रिले, मोटर. दोन वेगांचा पंखा असेल तर दोन्ही वेग तपासा. फक्त हळू फिरणारा पंखा सहज नजरेतून सुटतो.

पंखा ठीक, तर कंडेन्सर बघा. बाहेरून स्वच्छ दिसतो, पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत वाळकी पानं, किडे, कापसासारखी धूळ यांची गादी बसलेली असते. टॉर्च मारून बघा. इंजिन गार असताना बागेच्या साध्या पाइपने, जमेल तिथे आतून बाहेरच्या दिशेला पाणी मारा. गाडी धुण्याचा जोराचा फवारा नको. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे कागदासारखे आडवे पडतात आणि कंडेन्सर पूर्वीपेक्षा वाईट होतो.

खात्री करण्याची सोपी रीत अशी : थांबलेल्या गाडीत एसी चालू ठेवून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारा. मिनिटभरात जाळीतली हवा गार झाली, तर दोष कंडेन्सर गार होण्यात आहे. काहीच फरक पडला नाही, तर कमी गॅस किंवा झिजलेला कॉम्प्रेसर यांचा विचार करा.

प्रश्न : निळ्या-लाल होजचा गेज सेट घेतला आहे. आकडे दिसतात, अर्थ लागत नाही.

निळी होज लो साइडला (कमी दाबाची बाजू), म्हणजे जाड नळीवरच्या पोर्टला. लाल हाय साइडला (जास्त दाबाची), बारीक नळीवर. आर-१३४एमध्ये लो साइडचा पोर्ट १३ मिलिमीटरचा आणि हाय साइडचा १६ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे उलट जोडणी होत नाही. होज बसत नसेल तर जोर लावू नका. जोडताना इंजिन बंद, गेजचे दोन्ही नॉब बंद, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. कातडीवर उडाला की हिमदंश, डोळ्यात उडाला की त्याहून वाईट.

पहिला आकडा इंजिन सुरू न करताच घ्या, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. तेव्हा दोन्ही काटे सारखे असतात आणि तो दाब फक्त तापमानावर ठरतो : २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय (दाबाचं एकक), ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४. काटा फार खाली असेल तर आत द्रव उरलेलाच नाही, गॅस जवळपास गेला. पण ३० अंशांना ९७ दिसले म्हणून गॅस पुरेसा आहे असं म्हणता येत नाही. सिलेंडर भरलेला असो की तळाशी पेलाभर द्रव असो, दाब तोच येतो. नुसता दाब बघून ‘गॅस फुल आहे’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. उलट ३० अंशांना ११५-१२० दिसले, तर आत गॅसबरोबर हवा शिरली आहे. व्हॅक्यूम न करता, म्हणजे पंपाने आतली हवा न काढता, भरलेल्या गाडीत हे हमखास दिसतं.

आता इंजिन १५०० आरपीएमवर, एसी पूर्ण गार, ब्लोअर पूर्ण, दारं उघडी. बाहेर ३५ अंश असताना लो साइडला ३० ते ४५ आणि हाय साइडला २०० ते २५० पीएसआय, हे ठीकच. हवा २५ अंशांची असेल तर हाय साइड १५० ते १९०च्या घरात.

दोन्ही काटे खाली : गॅस कमी. दोन्ही वर : गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सर तापतोय, वर सांगितलेला पाण्याचा फवारा मारून बघा, हाय साइड झपाट्याने उतरली तर पंखा-कंडेन्सर दोषी. लो वर आणि हाय खाली, म्हणजे दोन्ही काटे एकमेकांच्या जवळ सरकलेले : कॉम्प्रेसर आतून झिजला, किंवा क्लचविना कॉम्प्रेसरमध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह बिघडला. लो साइड शून्याच्याही खाली जाते : एक्सपान्शन व्हॉल्व्ह (बारीक भोकातून गॅस सोडून दाब उतरवणारी झडप) किंवा ड्रायर (आतला ओलावा शोषणारा डबा) तुंबला. नळी जिथे एकाएकी गार होते किंवा तिच्यावर बर्फ धरतो, तिथेच अडथळा शोधा. आणि सुरुवातीला सगळं छान, पंधरा-वीस मिनिटांनी लो साइड उणेमध्ये, बंद करून थोड्या वेळाने लावलं की पुन्हा छान, हे आत पाणी असल्याचं लक्षण. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ धरतो, एसी बंद केला की वितळतो. यावर गॅस वाढवून काही होत नाही. गॅस काढा, ड्रायर बदला, व्हॅक्यूम करा.

प्रश्न : गळती घरी शोधता येते का?

बऱ्याचदा येते, आणि नुसत्या डोळ्यांनी. गॅसबरोबर ऑइल बाहेर येतं, म्हणून जिथे नळीच्या जोडावर, कंडेन्सरच्या कोपऱ्यात किंवा कॉम्प्रेसरच्या पुलीमागे तेलकट धूळ चिकटलेली असेल तिथे संशय घ्या. मग साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा आणि निवांत थांबा. बारीक गळतीचा बुडबुडा फुगायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. दोन्ही पोर्टवरची प्लॅस्टिकची टोपणं काढून आत साबणपाण्याचा थेंब सोडून बघा. तिथली पिन गळते हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. टोपणातली रबरी रिंगही सीलचं काम करते, म्हणून टोपण हरवू देऊ नये.

साबणात सापडली नाही तर यूव्ही डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग. तो ऑइलमध्ये मिसळून फिरतो. काही दिवस गाडी चालवून अंधारात यूव्ही टॉर्च मारली की गळती पिवळट-हिरवी चमकते. केबिनमधली, हवा गार करणारी कूलिंग कॉइल दिसत नाही, पण तिचं पाणी जिथून गाडीखाली ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी रंग दिसला तर कॉइलच फुटली आहे. ते काम म्हणजे बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवणं. हौस असली तरी विचार करा.

यंत्रणा रिकामी असेल तर दाब देण्यासाठी रेग्युलेटरसह कोरडा नायट्रोजन वापरतात. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा कदापि नको. तिच्यात पाण्याची वाफ असते, आणि दाबाखाली हवेबरोबर मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन तर आतल्या ऑइलला स्फोटाचंच निमंत्रण.

प्रश्न : दगड लागून कंडेन्सर फुटला. नवा स्वतः बसवता येईल का? व्हॅक्यूम पंप मित्राकडे आहे.

येईल. आत गॅस शिल्लक असेल तर तो आधी गॅरेजमध्ये मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. एक किलो आर-१३४ए हवेत गेला तर शंभर वर्षांत जी उष्णता अडवतो ती सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी धरतात, आणि बऱ्याच देशांत तो मुद्दाम सोडणं हा गुन्हा आहे.

नळी सोडवताना नेहमी दोन पाने लावा, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. एकाच पान्याने ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. उघडं तोंड लगेच प्लॅस्टिकच्या बुचाने बंद करा, कारण कॉम्प्रेसरचं पीएजी ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ऑइलचा डबाही त्याच कारणाने लगेच बंद करायचा. प्रत्येक ओ-रिंग नवी, आर-१३४एसाठीचीच आणि मापाची. बसवण्याआधी तिला ऑइलचं बोट लावा. कोरडी रिंग आवळताना कापली जाते आणि पंधरा दिवसांत गळू लागते. जोड ६ मिलिमीटरच्या बोल्टने आवळणारा असेल तर ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. यंत्रणा उघडी पडली होती, म्हणून ड्रायर बदला. बऱ्याच कंडेन्सरमध्ये तो कडेच्या नळकांड्यात बसवलेलाच येतो. जुन्या कंडेन्सरमध्ये राहिलेल्या ऑइलची भरपाई म्हणून साधारण २० ते ३० मिलिलिटर ऑइल नव्यात टाका. ते पीएजी ४६, १०० की १५० हे कॉम्प्रेसरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. जास्त ऑइल म्हणजे जास्त वंगण नव्हे. ते कूलिंग कॉइलच्या आत साचून कूलिंग खातं.

मग व्हॅक्यूम, किमान ४५ मिनिटं. आतली हवा काढणं हा त्याचा अर्धाच हेतू. २५ अंशांना पाणी उकळायचं असेल तर दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरपर्यंत खाली यावा लागतो, आणि तेवढं झालं तरच नळ्यांमधला ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो. समुद्रसपाटीला काटा उणे २९ इंचांच्या आसपास जायला हवा. दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच कमी दिसतो, तेव्हा डोंगरमाथ्यावर राहणाऱ्यांनी पंपाला दोष देऊ नये. नॉब बंद करून पंप थांबवा आणि अर्धा तास बघा. काटा हलला तर गळती. हलला नाही तरी शंभर टक्के खात्री नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरून जेमतेम १५ पीएसआय दाब पडतो, चालताना आतून २००च्या वर, म्हणून भरल्यावर सगळे जोड साबणाने पुन्हा तपासा.

भरायचं ते वजनाने. डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा ठेवा. डब्याच्या नळापर्यंतची पिवळी होजही व्हॅक्यूममध्ये आलेली असेल तर तिच्यातली हवा वेगळी काढावी लागत नाही. इंजिन बंद असतानाच निळा नॉब उघडला की बराचसा गॅस व्हॅक्यूम ओढून घेतो. ओढणं थांबलं की इंजिन आणि एसी सुरू करा आणि उरलेला गॅस फक्त लो साइडने, डबा उभाच ठेवून, हळूहळू सोडा. डबा उलटा केला तर द्रव जातो, आणि द्रव दाबता येत नसल्याने कॉम्प्रेसरची झडप तुटते. इंजिन चालू असताना लाल नॉबला हातसुद्धा लावायचा नाही. हाय साइडचा दाब उलटा डब्यात शिरला तर डबा हातात फुटतो. डबा गार पडून गॅस जाईनासा झाला तर कोमट पाण्यात धरा, ४० अंशांच्या वर नाही. स्टिकरवर ४५० ग्रॅम असेल तर ४५०लाच थांबा. ‘अजून थोडा’ भरल्याने कूलिंग वाढत नाही, कमी होतं.

प्रश्न : गळती बंद करणारं सीलंट मिसळलेले डबे मिळतात. वापरावेत का?

नाही. हवा किंवा ओलावा लागला की घट्ट होणं हाच त्याचा गुण, आणि आत ओलावा असेल तर ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्येही घट्ट होतं. पुढे गॅस काढून घेणाऱ्या मशीनमध्येही अडकतं, त्यामुळे काही गॅरेजवाले अशी गाडी घेतच नाहीत.

प्रश्न : एसी लावला की कुबट वास येतो, आणि हल्ली पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होतो.

ओल्या गालिच्याचं कारण बहुधा कूलिंग कॉइलच्या पाण्याची नळी तुंबणं. गाडीखालून नळीचं तोंड शोधा आणि मऊ प्लॅस्टिकची तार हलक्या हाताने आत फिरवा. लोखंडी तार नको, कॉइल फार लांब नसते. वासासाठी आधी केबिन फिल्टर बदला, मग कॉइल धुण्याचा फेस त्याच नळीतून किंवा ब्लोअरच्या बाजूने सोडा, इंजिन बंद ठेवून. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, नंतर काचा उघडून ब्लोअर पूर्ण चालवा. मुक्कामाला पोचण्याआधी तीन-चार मिनिटं एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला की कॉइल वाळते आणि बुरशीला ओल मिळत नाही.

प्रश्न : लांबच्या प्रवासात तासाभराने जाळीतून वारा येणंच कमी होतं. ब्लोअरचा आवाज मात्र पूर्ण असतो.

कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. पुढच्या वेळी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा. दहा-पंधरा मिनिटांत वारा पूर्ववत झाला आणि गाडीखाली भरपूर पाणी पडलं, की निदान पक्कं. कॉइलला टेकून एक लहान सेन्सर असतो, तो शून्याच्या जवळ आलं की कॉम्प्रेसर थांबवतो. तो बिघडला किंवा जागेवरून सरकला की बर्फ धरतो. तुंबलेल्या फिल्टरमुळे आणि थोड्या कमी गॅसनेही हेच होतं, म्हणून सेन्सर मागवण्याआधी फिल्टर काढून बघा.

प्रश्न : ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो.

ब्लोअरचा रेझिस्टर गेला. बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्समागे दोन स्क्रूवर असतो. त्याचं कनेक्टर वितळलेलं असेल तर तेही बदला, आणि ब्लोअरची मोटर हाताने मोकळी फिरते का ते बघा. जड मोटर जास्त करंट ओढून नवा रेझिस्टरही जाळते.

प्रश्न : हायब्रिड गाडीला हेच सगळं लागू होतं का?

पंखा, फिल्टर, पाण्याची नळी, ब्लोअर इथपर्यंत हो. त्यापुढे नाही. तिथला कॉम्प्रेसर बहुधा विजेवर चालतो आणि नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. त्याचं ऑइलही वेगळं, पीओई, वीज वाहू न देणारं. पीएजी थोडं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन खालावतं आणि गाडी विजेच्या गळतीची सूचना देऊन एसी बंद करते. आधी पीएजीसाठी वापरलेली गेजची होजसुद्धा त्यासाठी पुरेशी ठरू शकते. स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल, मग गाडी हायब्रिड असो वा नसो, तर तो गॅस सौम्य ज्वलनशील आहे, त्याचे पोर्ट वेगळे असतात. अडॅप्टर लावून त्यात आर-१३४ए भरू नका, आणि स्वयंपाकाचा गॅस तर कोणत्याच गाडीत नको.